घरातल्या ज्येष्ठांचं आरोग्य सांभाळताना : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

बाबा हल्ली जेवताना पानावरून लवकर उठतात. आई दुपारभर पडून असते, विचारलं तर ‘काही नाही गं’ म्हणते. घरात कुणीतरी बोलून जातं, ‘वय झालं आता’, आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हे लिहिते आहे. ‘वय झालं’ हे निदान नव्हे. त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं, आणि जे सापडतं त्यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं.

अडचण अशी, की सत्तरीनंतर आजार ओळखीच्या रूपात येत नाही. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप चढतो, खोकला येतो. आजोबांना तोच झाला तर कधी नुसती भूक जाते, किंवा एका दिवसात बोलणं असंबद्ध होतं, आणि ताप १०० च्या वर जातच नाही. मधुमेह असलेल्या आजींना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. म्हणून या वयात ‘कुठे दुखतंय?’ यापेक्षा ‘परवापेक्षा आज काय बदललं?’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं, रोज बघणाऱ्या माणसाकडे असतं.

पायरी १ : नेहमीचं काय, ते आधी लिहून ठेवा

बदल कळायचा तर नेहमीचं माहीत हवं. एक वही घ्या आणि प्रकृती बरी असतानाच पहिल्या पानावर सध्याची स्थिती लिहा. वजन किती. रात्री लघवीला किती वेळा उठतात. पोट रोज साफ होतं का. आंघोळ, कपडे, संडास स्वतःचं स्वतः करतात का. पासबुक, लाइट बिल, गॅस हे व्यवहार अजून त्यांच्याच हातात आहेत का. कुठवर चालत जातात, आणि मध्ये बसावं लागतं का.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. काटा नसेल तर बांगड्या सैल झाल्यात का, कवळी हलते का, पट्ट्याला नवं भोक पडलंय का ते बघा.

चालण्याची एक सोपी चाचणी आहे. हाताच्या खुर्चीत बसवा. उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून चाला. ही चाचणी घेताना तुम्ही शेजारीच उभे राहा.

बीपीचं यंत्र घरी असेल तर पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येण्याचं कारण सापडलं. पाणी कमी पडणं किंवा बीपीची, प्रोस्टेटची, झोपेची गोळी ही नेहमीची कारणं. दवाखान्यात बहुतेक वेळा बसवूनच बीपी मोजतात, त्यामुळे हे निसटतं.

तुम्ही पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील गावी असतील, तर लक्षात घ्या की व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो. पायावरची सूज, उंबऱ्याशी अडखळणं, गॅसवर करपलेलं भांडं दिसत नाही. शेजारच्या काकू किंवा कामाच्या मावशींना नेमकं काय बघायचं ते सांगून ठेवा.

पायरी २ : औषधांचा डबा रिकामा करा

एका दिवसात जास्तीत जास्त फायदा कशाने होतो असं कुणी विचारलं, तर मी हीच पायरी सांगेन. वर्तमानपत्र पसरा आणि घरातली सगळी औषधं त्यावर मांडा. डब्यातली, फ्रिजमधली, देव्हाऱ्याशेजारची, पर्समधली, उशीखालची. डोळ्यांचे थेंब, चूर्ण, काढे, होमिओपॅथीच्या बाटल्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, सगळं. तारीख उलटलेलं बाजूला काढा.

मग यादी करा. पाकिटावर कंपनीने औषधाला दिलेलं नाव असतं. आपल्याला हवं ते त्यासोबत छापलेलं मूळ औषधाचं नाव. तेच लिहा. शेजारी ताकद, कधी घेतात, कुणी दिली, केव्हापासून आणि कशासाठी. अशी यादी केली की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, तेच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असतं, कारण एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं आणि दुसरं घरच्या डॉक्टरांनी. दुसरी, ‘कशासाठी’ या रकान्यात काही ठिकाणी लिहायलाच काही नसतं. त्या रिकाम्या जागा डॉक्टरांना दाखवा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. बीपीची, हृदयाची, झोपेची गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

यादीत काही गोळ्यांवर बोट ठेवून विचारायचं.

अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या गुडघेदुखीला सर्रास घेतल्या जातात. त्या मूत्रपिंडाला ताण देतात, बीपी वाढवतात, जठरात रक्तस्राव करू शकतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात ही तिसरी पडली, आणि वर जुलाब झाले किंवा कडक ऊन लागलं, तर मूत्रपिंड बसायला दोन दिवस पुरतात. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठी बघतात तो आकडा, ‘नॉर्मल’ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. कृश आजींच्या अंगात स्नायूच कमी असतात, त्यामुळे आकडा बरा दिसतो. वयाचा हिशेब धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा अंदाज, विचारा.

झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू असतात. तोल जाणं, विसरणं, रात्री बाथरूमकडे जाताना पडणं याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. पण अनेक महिने घेतलेली ही गोळी एका रात्रीत सोडली तर तगमग होते, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

शुगरची गोळी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाणं कमी झालं असेल, तर शुगर वाढण्यापेक्षा उतरण्याची काळजी जास्त करा. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड. म्हातारपणी कधी नुसतीच गुंगी किंवा बरळणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. या गोळ्यांचा असर लांबतो, म्हणून एकदा शुगर वर आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आणि हेही विचारा, की यांची शुगर इतकी काटेकोर ठेवायची गरज आहे का. अशक्त, अनेक आजार असलेल्या माणसासाठी तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा (एचबीए१सी) ८ च्या आसपासही चालवून घेतात.

बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी सोडियम उतरवू शकते. ‘आईचं सोडियम कमी झालं’ हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या घरात ऐकलं असेल. रक्तात ते १३५ ते १४५ हवं. त्याखाली उतरलं की मरगळ, मळमळ, तोल जाणं, गोंधळ. फारच उतरलं तर झटके. अशा वेळी घरच्या घरी मिठाचं पाणी पाजू नका. सोडियम कशामुळे उतरलं त्यावर उपाय ठरतो, आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला मीठ उलट घातक ठरतं.

पित्ताची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील आणि जेवण शाकाहारी असेल, तर बी-१२ तपासून घ्या. पायांना मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणं यामागे ते असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये आणि खोकल्याच्या औषधांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडकू शकते. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. त्या घेऊन आजींना चार दिवसांत एकदम तरतरी आली असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून वहीत लिहून ठेवा : उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं, तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही? रात्री अकराला हा प्रश्न पडतो तेव्हा फोन लागत नाही.

पायरी ३ : पडू नयेत म्हणून, आणि पडले तर

घरात पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात : ओलं बाथरूम, पलंगापासून संडासापर्यंतची अंधारी वाट, उंबरा, दारातलं पायपुसणं. बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा बसवा. टॉवेल टांगायचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. बसून आंघोळीसाठी रबरी पायांचं स्टूल. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. वाटेत रात्रभर छोटा दिवा. घरात मोजे घालून किंवा झिजलेल्या स्लिपर घालून फिरू देऊ नका, मागे पट्टा असलेली चप्पल द्या. साडी किंवा धोतर जमिनीवर लोळत असेल तर घोट्याच्या वर नेसायला सांगा.

काठी मापाची हवी. हात सरळ खाली सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आणि ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. हे कुणी सांगत नाही, आणि बरीच माणसं काठी दुखऱ्या बाजूलाच धरून चालतात.

पडल्यावर ओढून उभं करू नका. आधी विचारा, बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, पाय उचलता येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. चोळू नका, चालवून बघू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. ‘या वयात ऑपरेशन नको’ असं घरात सगळेच म्हणतील. पण खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये अंथरुणावर पडून राहणं हाच मोठा धोका आहे : न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा. प्रकृती पेलत असेल तर शक्यतो २४ ते ४८ तासांत ऑपरेशन करून लगेच उभं करणं हा उपचार आहे. ऑपरेशननंतर हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध सुरू करायचं का, हे विचारायला विसरू नका. एक हाड मोडलेल्या माणसाचं दुसरं मोडण्याचा धोका वाढलेला असतो.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर खोक नसली तरी दवाखान्यात न्या. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनी त्रास देतं. पडल्यानंतर महिनाभराने पाय ओढायला लागले, झोप वाढली, डोकं दुखायला लागलं, तर त्या पडण्याची आठवण डॉक्टरांना करून द्या.

पायरी ४ : माणूस अचानक बदलला तर

काल संध्याकाळपर्यंत नातवाशी पत्ते खेळणारे आजोबा रात्री ‘गाडी चुकेल, पिशवी भर’ म्हणत दार उघडू लागतात. घरचे घाबरतात, कुणी म्हणतं डोकं फिरलं, कुणी बाहेरचं काही आहे का बघायला सांगतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा येत नाही. तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. तासांत किंवा एकदोन दिवसांत आलेला गोंधळ ही शरीराने दिलेली हाक आहे. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, साठलेला मळ, उतरलेलं सोडियम किंवा शुगर, पाणी कमी पडणं, वेदना, नुकतीच सुरू केलेली नवी गोळी, यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

याचा एक शांत प्रकारही आहे, आणि तो जास्त निसटतो : माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता गुंगीत पडून राहतो, हाक मारली की ‘हं’ म्हणतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, झोप लागली.

हॉस्पिटलमध्ये दाखल केल्यावरही असा गोंधळ होतो. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी ठेवू नका, तिथे घालू द्या. समोर घड्याळ हवं, रात्री ओळखीचं माणूस शेजारी हवं. वाद घालू नका. ‘मी आहे, आपण दवाखान्यात आहोत’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगा. हातपाय बांधायला सुचवलं तर आधी दुसरा मार्ग विचारा.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही अचानक झालं तर तो पक्षाघात समजा आणि घड्याळ बघा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला फोन करून थेट तिथेच न्या. गाडी नसेल तर १०८. जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका आणि अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, कारण मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

पायरी ५ : डॉक्टरांकडे जाताना

सोबत काय न्यायचं : औषधांची यादी, वही, जुना ईसीजी, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. आजींनाच बोलू द्या, मध्ये तोडू नका; मात्र लघवी कपड्यात होते, पडल्या होत्या, झोपेची गोळी घेतात, या गोष्टी त्या संकोचाने सांगत नाहीत, त्या तुम्ही सांगा. तीन तज्ज्ञ असतील तर सगळ्यांची औषधं एकत्र बघणारा एक डॉक्टर ठरवा. घरचा फॅमिली डॉक्टर यासाठी उत्तम. नवी गोळी मिळाली की विचारा : ही कशासाठी, किती दिवस, आणि हिच्या बदल्यात जुनी कोणती थांबेल?

खाणं-पिणं

वयाबरोबर तहान कमी लागते. ‘तहान लागली की पितील’ हा हिशेब चालत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बाकीच्यांना समोर पेला भरून ठेवा. रात्री उठावं लागतं म्हणून आजी संध्याकाळी पाणीच बंद करतात; तसं करण्यापेक्षा दिवसा जास्त आणि झोपण्याआधी कमी, असं वळण लावा.

दात नाहीत म्हणून जेवण चहा-बिस्किट आणि पेज-भातावर येतं, आणि स्नायू विरघळत जातात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. मऊ खाण्यातूनही ती जातात : घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, पनीर, अंडं, मासे, दाण्याचं कूट घातलेली भाजी. जेवताना ठसका लागत असेल तर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान घास द्या आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

उपवासाचा विषय नाजूक आहे. साठ वर्षं एकादशी करणाऱ्या आजींना ‘सोडा’ म्हणून उपयोग नाही. पण निर्जळी उपवास आणि लघवी वाढवणारी गोळी, किंवा रिकामं पोट आणि शुगरची गोळी, हे एकत्र चालत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने शुगर चढते. राजगिरा, वरी, दाण्याची आमटी, ताक असा मार्ग काढा आणि त्या दिवसाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा.

पटकन करून टाकण्याच्या गोष्टी

फ्लूची लस दर वर्षी. न्यूमोनियाची लस आणि नागीण होऊ नये म्हणूनची लस, डॉक्टरांना विचारून. मोतिबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायची आता गरज नसते. ऐकू कमी येत असेल तर आधी कानातला मळ बघा, मग यंत्र. मधुमेह असेल तर तळपाय रोज बघा, बोटांच्या मधूनसुद्धा.

अंथरुणाला खिळले असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे इथे लाली दिसली आणि दाबून गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूचा दाब काढायचा. मावशी ठेवल्या असतील तर त्यांनाही हे करून दाखवा.

पैसे आणि कागद

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. आधार कार्ड लागतं. हे दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, ओपीडीची फी आणि रोजची औषधं त्यात येत नाहीत. दाखल होण्याआधी ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. चष्मा, कानाचं यंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना ३,००० रुपये मिळतात. कुठे जायचं ते सुचत नसेल किंवा घरात हेळसांड होत असेल, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. रोजच्या गोळ्यांचा खर्च जनऔषधी केंद्रात बराच कमी होतो. मूळ नावांची यादी तिथेही कामाला येते.

पायरी ६ : त्यांना काय हवंय ते विचारा

हे बोलणं आपण सगळेच टाळतो, आणि मग आयसीयूच्या दाराशी भावंडांत ते होतं. प्रकृती बरी असताना, चहा घेताना विचारा : खूप आजारी पडलात तर काय झालेलं चालेल, काय नको? व्हेंटिलेटर चालेल का? शेवटचे दिवस घरी हवेत का? तुमच्या वतीने कुणी बोलावं? बहुतेक ज्येष्ठांच्या मनात याचं उत्तर तयार असतं. कुणी विचारत नाही एवढंच.

हे कागदावर उतरवायला कायद्याची मान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन, एवढं पुरतं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात घालता येतात. माणूस शुद्धीवर आणि बोलता असेपर्यंत निर्णय त्याचाच. तो बोलू शकत नसेल तेव्हाच हा कागद उघडायचा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, एक रिपोर्टच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, आणि ज्यांची नावं घातलीत त्यांना ती कुठे आहे ते सांगा. मत बदललं तर हा कागद केव्हाही रद्द करून नवा करता येतो.